हॉल ऑफ फेमच्या उंबरठ्यावर कोण कोण? (बास्केटबॉल)

पिकअँडरोल | ९ सप्टेंबर २०२५

गेल्या शनिवारी अमेरिकेत स्प्रिंगफील्डला नेस्मिथ हॉल ऑफ फेमची (बास्केटबॉलमधल्या थोरांचं सन्मान-दालन) २०२५ची तुकडी दाखल झाली. कार्मेलो अँथनी, ड्वाइट हॉवर्ड, सू बर्ड, माया मूर, सिल्व्हिया फाउल्स आणि २००८चा अमेरिकेचा ऑलिंपिक संघ. अँथनी आणि हॉवर्ड त्या संघातही होते, त्यामुळे दोघांचा एकाच दिवशी दुहेरी सन्मान झाला.

या नावांवर वाद नव्हताच. खरा वाद पुढच्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्या नावांवर आहे, म्हणून हा धागा. लेब्रॉन, करी, ड्युरंट, यानिस, योकिच यांच्यावर इथे वेळ घालवू नये ही विनंती. ते जाणारच. मला कुंपणावरच्यांबद्दल बोलायचं आहे.

आधी नियम, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. शेवटच्या सामन्यानंतर दोन पूर्ण हंगाम गेले की खेळाडू पात्र होतो. अँथनी २०२१-२२मध्ये शेवटचं खेळला आणि २०२५ला आत गेला, यावरून हिशेब करा. ब्लेक ग्रिफिन आणि आंद्रे इग्वाडाला यांचा शेवटचा हंगाम २०२२-२३, म्हणजे ते २०२६ला पात्र. डेरिक रोझ २०२३-२४पर्यंत खेळला, म्हणजे २०२७.

मतदान दोन पायऱ्यांत होतं. उत्तर अमेरिकन छाननी समितीत ९ जण असतात, त्यातली ७ मतं मिळाली की उमेदवार अंतिम यादीत येतो. महिला समितीत ७ पैकी ५ लागतात. मग २४ जणांची सन्मान समिती बसते आणि तिथे १८ मतं हवीत. म्हणजे सात जणांनी मान हलवली नाही की विषय त्या वर्षापुरता संपला. मतदारांची नावं जाहीर होत नाहीत, कोणी कोणाला मत दिलं हेही कळत नाही.

माझी कुंपणावरची नावं: रोझ, इग्वाडाला, शॉन मॅरियन, अमारे स्टॉडमायर, ग्रिफिन, लामार्कस ऑल्ड्रिज, मार्क गसोल. आणखी सुचवा, पण आकड्यांसकट.

---

डावखुरा | ९ सप्टेंबर २०२५

रोझपासून सुरुवात करतो, कारण त्याचं प्रकरण सगळ्यात सोपं आहे. एनबीएचा (अमेरिकेतली पुरुषांची मुख्य लीग) एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला आणि पात्र ठरलेला प्रत्येक खेळाडू आज हॉलमध्ये आहे. एकही अपवाद नाही. रोझ २०११चा एमव्हीपी, वय २२, आजवरचा सर्वांत तरुण. त्या हंगामात शिकागो ६२-२०, त्याचे सरासरी २५ गुण आणि ७.७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). विषय संपला.

---

रिबाउंडर | ९ सप्टेंबर २०२५

@डावखुरा, विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. "प्रत्येक एमव्हीपी आत आहे" हे खरं आहे, पण ते सगळे एमव्हीपी नसते तरी आत गेले असते. त्यांच्याकडे बाकीचंही होतं. रोझकडे काय आहे ते मांडू या: ऑल-स्टार (वार्षिक तारांकित सामन्यासाठी निवड) ३ वेळा (२०१०, ११, १२), ऑल-एनबीए (हंगामातल्या सर्वोत्तमांचे पहिला, दुसरा, तिसरा संघ) फक्त एकदा, २००९चा सर्वोत्तम नवोदित, २०१० आणि २०१४ची विश्वविजेतेपदं. अंतिम फेरीत एकदाही नाही. कारकिर्दीची सरासरी १७.४.

लोक लगेच बिल वॉल्टनचं उदाहरण देतात. तो जेमतेम ४६८ सामने खेळला, तरी आत आहे. पण वॉल्टनला एनबीएची दोन विजेतेपदं आहेत आणि त्याची यूसीएलए या कॉलेजमधली कारकीर्द एकटीच हॉलसाठी पुरेशी होती. हा हॉल बास्केटबॉलचा आहे, एनबीएचा नाही. कॉलेजचा खेळ पूर्ण धरला जातो. रोझचं कॉलेज म्हणजे मेंफिसचा एक हंगाम, २००८च्या अंतिम सामन्यात कॅन्ससकडून जादा वेळेत हार आणि नंतर तो अख्खा हंगाम एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नोंदींतून रद्द केला. तिकडून त्याला एक दमडीचाही आधार नाही.

---

शिट्टी | १० सप्टेंबर २०२५

दोघांचंही अर्धं पटलं. दुखापतीने कारकीर्द मोडलेल्यांना हॉलने आत घेतलं आहे, फक्त ते कशाच्या जोरावर गेले ते बघावं लागतं. याओ मिंग ४८६ सामने खेळला, पण ८ ऑल-स्टार आणि चीनमध्ये खेळ पोहोचवण्याचं श्रेय. ग्रँट हिलच्या मागे ड्यूकची दोन विजेतेपदं. ट्रेसी मॅक्ग्रेडीकडे ७ ऑल-स्टार आणि दोन हंगामांत लीगमधली गुणांची सर्वाधिक सरासरी. उलट पेनी हार्डवे बघा: ऑल-एनबीए पहिल्या संघात सलग दोनदा (१९९५, ९६), तिसऱ्या संघात एकदा, ४ ऑल-स्टार, १९९५ची अंतिम फेरी. तरीही तो बाहेर आहे. शिखराची उंची मोजली तर पेनी आणि रोझ एकाच पंगतीतले. फरक त्या एका एमव्हीपीचा.

म्हणून रोझचा प्रश्न असा मांडायला हवा: एका एमव्हीपीचं वजन किती? माझ्या मते भरपूर. त्या वर्षी लेब्रॉन, ड्युरंट, हॉवर्ड, कोबी सगळे भरात होते आणि तरी मतदारांनी रोझला निवडलं. हॉवर्डचा त्या वर्षीचा बचाव पाहता मत त्याला जायला हवं होतं असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे, पण पुरस्कार झाला तो झाला. हॉलची समिती जुन्या मतदानाची फेरतपासणी करत नाही.

२८ एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाविरुद्ध पहिला सामना, शिकागो बारा गुणांनी पुढे, दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तिथे गेला. त्यानंतरही तो आणखी दहाएक वर्षं वेगवेगळ्या संघांत खेळला, ३१ ऑक्टोबर २०१८ला यूटाविरुद्ध ५० गुण केले. ही नंतरची वर्षं त्याच्या बाजूने धरावीत की विरुद्ध, यावर सात-आठ मतं फिरतील आणि तेवढी पुरतात.

---

बॅकडोअर | १० सप्टेंबर २०२५

थोडं मोजमापाबद्दल, कारण पुढे सगळे "इतके ऑल-स्टार, तितके ऑल-स्टार" करणार.

ऑल-स्टारची संख्या हे सगळ्यात घसरडं माप आहे. प्रत्येक कॉन्फरन्समधून (पूर्व आणि पश्चिम विभाग) १२ जण, त्यामुळे तुम्ही कुठल्या बाजूला खेळता यावर बरंच ठरतं. जो जॉन्सनच्या नावावर ७ निवडी आहेत, सगळ्या पूर्वेकडून: अटलांटाकडून सलग ६ आणि ब्रुकलिनकडून १. ऑल-एनबीए मात्र एकदाच, तेही तिसऱ्या संघात. दुसरीकडे माइक कॉन्ली वर्षानुवर्षं पश्चिमेत पॉल, करी, वेस्टब्रूक, लिलार्ड, हार्डन यांच्या गर्दीत अडकला आणि त्याला २०२१ला एकच निवड मिळाली, तीही बुकर जखमी झाला म्हणून. शिवाय पहिल्या पाचांची निवड २०१६पर्यंत पूर्णपणे चाहत्यांच्या मतांवर होती. त्यानंतर चाहते ५० टक्के, खेळाडू २५, पत्रकार २५.

ऑल-एनबीए जास्त भरवशाचं, पण तिथेही काळ बघा. तिसरा संघ १९८८-८९पासून सुरू झाला. त्याआधी वर्षाला १० जागा होत्या, आता १५ आहेत. १९८०च्या खेळाडूचे दोन आणि आजच्या खेळाडूचे तीन यांत फारसा फरक धरू नये. २०२३-२४पासून पोझिशनचं बंधन काढलं आणि किमान ६५ सामने खेळण्याची अट आली, म्हणजे आता एक पोटरी दुखावली तरी हंगामाची निवड हातची जाते. दहा वर्षांनी आजच्या खेळाडूंचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं लागेल.

स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) १९७३-७४पासून मोजले जातात, सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३पासून आहे. त्याआधीचे बचावपटू कागदावर कोरेच दिसतात.

आणि बास्केटबॉल रेफरन्सवरची "हॉल ऑफ फेम शक्यता" ही टक्केवारी इथे कोणी निर्णय म्हणून चिकटवू नये. ते गणित उंची, विजेतेपदं, लीगमधल्या क्रमवारीचे गुण, शिखराचे विन शेअर (संघाच्या विजयांतला खेळाडूचा अंदाजे वाटा) आणि ऑल-स्टार निवडी एवढ्यावरच चालतं. ऑल-एनबीए नाही, कॉलेज नाही, ऑलिंपिक नाही, युरोप नाही. मार्क गसोलसारखा माणूस त्या गाळणीतून गळून पडतो.

---

पिकअँडरोल | १० सप्टेंबर २०२५

@बॅकडोअर, उत्तम प्रतिसाद. आता याच मापाने स्टॉडमायर आणि ग्रिफिन शेजारी-शेजारी ठेवतो, कारण इतकी जुळणारी जोडी क्वचित सापडते.

स्टॉडमायर: ६ ऑल-स्टार, ५ ऑल-एनबीए (१ पहिला, ४ दुसरे), २००३चा सर्वोत्तम नवोदित, सरासरी १८.९ गुण, ७.८ रिबाउंड (शॉट हुकल्यावर ताब्यात घेतलेले चेंडू).
ग्रिफिन: ६ ऑल-स्टार, ५ ऑल-एनबीए (३ दुसरे, २ तिसरे), २०११चा सर्वोत्तम नवोदित, सरासरी १९ गुण, ८ रिबाउंड, ४ असिस्ट.

दोघांनाही विजेतेपद नाही, दोघांचेही गुडघे अर्ध्या वाटेत गेले. ग्रिफिनची बाजू म्हणजे पासिंग आणि २०१४च्या एमव्हीपी मतदानातलं तिसरं स्थान. स्टॉडमायरची बाजू म्हणजे एक पहिला संघ, आणि तो कधी मिळाला ते बघा: ऑक्टोबर २००५ला डाव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली. तीत हाडाला बारीक छिद्रं पाडून झिजलेल्या कूर्चेच्या जागी नवी वाढ होऊ देतात. त्या काळात यातून उठून पूर्वीसारखी उडी मारणारे मोठे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या हंगामात तो ३ सामने खेळला आणि पुढच्याच हंगामात ८२ पैकी ८२. तो पहिला संघ त्याच वर्षीचा. त्याआधी २००५च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोविरुद्ध, म्हणजे टिम डंकनच्या संघाविरुद्ध, सरासरी ३७ गुण.

माझ्यासाठी स्टॉडमायर आधी, ग्रिफिन मग. पण दोघेही आत.

---

रिबाउंडर | १० सप्टेंबर २०२५

स्टॉडमायरचा बचाव कोणीच काढत नाही हे बघून आश्चर्य वाटलं. पिक अँड रोल (एकाने बचावपटूला अडवून मग बास्केटकडे वळायची चाल) झाला की तो मागे येईपर्यंत समोरचा बास्केटखाली पोहोचलेला असायचा. फिनिक्सचा संघ सतत वेगाने खेळत होता, त्यामुळे सगळ्यांचेच गुण आणि रिबाउंड फुगायचे. शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात आल्याच्या खेपांमागे) किती, हे बघितल्याशिवाय त्या संघातल्या कोणाचीही सरासरी इतरांशी लावू नका.

आणि त्याच संघात ज्याने ही भोकं बुजवली त्याच्याबद्दल अजून कोणी बोललं नाही.

---

शिट्टी | ११ सप्टेंबर २०२५

शॉन मॅरियन. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला या सगळ्या यादीत सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

२००५-०६. स्टॉडमायर शस्त्रक्रियेमुळे बाहेर. ६ फूट ७ इंचांचा मॅरियन त्या वर्षी मोठ्या खेळाडूंच्या जागेवर खेळून सरासरी २१.८ गुण, ११.८ रिबाउंड, २ स्टील आणि १.७ ब्लॉक काढतो. फिनिक्स पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत जातो. त्याच्यासाठी खास रचलेल्या चाली जवळजवळ नव्हत्याच. पळत पुढे जाऊन नॅशचा पास, दुसऱ्याने हुकवलेला चेंडू, कोपऱ्यातला तो विचित्र हनुवटीजवळून सुटणारा शॉट.

बचावात त्याचं मोल असं: एका सामन्यात तो टोनी पार्करवर असायचा, तर दुसऱ्यात डर्क नोवित्स्कीवर. आज "कोणावरही स्विच करणारा फॉरवर्ड" म्हणून ज्यांना मोठे करार मिळतात त्यांचं काम हा वीस वर्षांपूर्वी करत होता. आणि तरीही ऑल-डिफेन्सिव्ह (हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या) संघात एकदाही नाही. तेव्हा तो संघ प्रशिक्षक निवडायचे आणि जागा पोझिशननुसार असायच्या. जो दोन पोझिशनमध्ये विभागला जातो त्याची मतंही विभागली जातात.

मग २०११ची अंतिम मालिका. डॅलसकडून लेब्रॉनसमोर बराच काळ मॅरियन उभा होता, सोबत किड आणि स्टीव्हनसन. मागे झोन (जागा वाटून केलेला बचाव) आणि टायसन चँडलर होते हे मान्य, एकट्याचं श्रेय नाही. लेब्रॉनची त्या मालिकेची सरासरी १७.८. विजेतेपद डॅलसकडे.

एकूण: ४ ऑल-स्टार, २ ऑल-एनबीए (तिसरा संघ), १ विजेतेपद, १७ हजारांवर गुण आणि १० हजारांवर रिबाउंड.

---

डावखुरा | ११ सप्टेंबर २०२५

मॅरियनला अनुमोदन. पण समिती शिखराकडे बघते आणि त्याच्या नावावर पहिला किंवा दुसरा संघ एकदाही नाही. मला तो "फार चांगला" वर्गात अडकेल असं वाटतं. ऑल्ड्रिजचं त्याहून सोपं आहे: ७ ऑल-स्टार, ५ ऑल-एनबीए, २० हजारांवर गुण. कोणाला उत्साह वाटत नाही, पण कागद भक्कम आहे. जाईल.

---

साइडलाइन | ११ सप्टेंबर २०२५

इग्वाडालावर या. विरोधकांचा मुद्दा ठाऊक आहे: एकच ऑल-स्टार (२०१२), सरासरी ११.३. याला उत्तर गेल्या वर्षीच मिळालं. २०२४ला मायकेल कूपर हॉलमध्ये गेला. एकही ऑल-स्टार निवड नाही, सरासरी ८.९. त्याच्याकडे होती लेकर्सची ५ विजेतेपदं आणि १९८७चा सर्वोत्तम बचावपटू पुरस्कार. म्हणजे बचावासाठी ओळखल्या गेलेल्या आणि विजेत्या संघाच्या पाठीचा कणा असलेल्या खेळाडूला दार उघडं आहे.

इग्वाडालाकडे ४ विजेतेपदं, २०१२चं ऑलिंपिक सुवर्ण, २०१०चं विश्वविजेतेपद आणि २०१५चा फायनल्स एमव्हीपी (अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू). हा शेवटचा पुरस्कार नीट समजून घ्या. त्या हंगामात तो ७७ सामने खेळला, सगळे राखीव बाकावरून. अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट १-२ मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात सेंटर बोगटला काढून त्याला पहिल्या पाचांत घेतलं, म्हणजे सेंटरच नाही असा छोटा संघ. त्यानंतर तिन्ही सामने जिंकले. लेब्रॉनने मालिकेत ढिगाने गुण काढले, पण चाळीस टक्क्यांहून कमी शॉट बसले. ११ पैकी ७ मतं इग्वाडालाला, ४ लेब्रॉनला.

---

रिबाउंडर | ११ सप्टेंबर २०२५

मग रॉबर्ट हॉरीलाही घ्या. तीन संघांकडून ७ विजेतेपदं.

---

साइडलाइन | ११ सप्टेंबर २०२५

नाही. हॉरी सरासरी ७ गुणांचा खेळाडू. त्याने मोक्याच्या वेळी जे शॉट मारले ते कोणी विसरणार नाही, पण समोरच्या संघाची आखणी त्याला धरून होत नव्हती. इग्वाडाला फिलाडेल्फियात आठ वर्षं संघाचा मुख्य खेळाडू होता आणि मग स्वतःहून बाकावर बसायला तयार झाला. प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम खेळाडू रोज कोणाच्या अंगावर सोपवला जायचा, हा प्रश्न विचारला की हॉरी आणि इग्वाडाला वेगळे होतात. कूपर आणि इग्वाडाला होत नाहीत.

---

बॅकडोअर | १२ सप्टेंबर २०२५

मार्क गसोलसाठी दोन शब्द. ३ ऑल-स्टार, २०१५ला ऑल-एनबीए पहिला संघ, २०१९ला टोरंटोबरोबर विजेतेपद आणि त्याच वर्षी स्पेनबरोबर विश्वविजेतेपद. स्पेनचं २००६चं विश्वविजेतेपदही आहे, २००८ आणि २०१२ची ऑलिंपिक रौप्यंही. एनबीए आणि देश दोन्ही एकत्र मोजले तर शंका उरत नाही.

मतदानाच्या पद्धती किती फसवू शकतात याचा उत्तम नमुनाही हाच. २०१३ला तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, पण ऑल-डिफेन्सिव्हच्या दुसऱ्या संघात. पहिला पुरस्कार पत्रकारांच्या मतांवर, दुसरा प्रशिक्षकांच्या. प्रशिक्षकांनी चँडलरला वर ठेवलं. पुढच्या हंगामापासून दोन्ही मतदानं पत्रकारांकडे आली.

---

तिसरीचाल | १२ सप्टेंबर २०२५

एवढे प्रतिसाद झाले आणि एकही महिला खेळाडू नाही? २०२६चं सगळ्यात मोठं नाव कँडेस पार्कर आहे. २००८ला पदार्पणाच्याच हंगामात एमव्हीपी, डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या लीगमध्ये) हे दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. २०१३ला पुन्हा एमव्हीपी, २०२०ला सर्वोत्तम बचावपटू. तीन विजेतेपदं तीन वेगळ्या संघांकडून: लॉस एंजेलिस २०१६, शिकागो २०२१, लास व्हेगस २०२३. टेनेसीची दोन कॉलेज विजेतेपदं, दोन ऑलिंपिक सुवर्णं.

एलेना डेले डॉनही २०२६लाच पात्र. शेवटची खेळली २०२३ला. २०१५ आणि २०१९ची एमव्हीपी. २०१९ला मैदानी शॉट ५१.५ टक्के, तीन गुणांचे ४३ आणि फ्री थ्रो ९७.४. पन्नास-चाळीस-नव्वदचा टप्पा त्या लीगमध्ये तिच्याआधी कोणी गाठला नव्हता. कारकीर्द पाठीने छोटी केली, पण इथे रोझचा प्रश्न येतच नाही. तिच्याकडे दोन एमव्हीपी आणि एक विजेतेपद आहे.

खरी कुंपणावरची आहे शमीक होल्ड्सक्लॉ. टेनेसीकडून १९९६ ते ९८ सलग तीन विजेतेपदं, १९९९ची सर्वोत्तम नवोदित, ६ ऑल-स्टार, २०००चं सुवर्ण. यंदा अंतिम यादीत होती, पण निवड झाली नाही. कॉलेजचा खेळ वॉल्टनसाठी मोजायचा तर तिच्यासाठीही पूर्ण मोजा.

---

डावखुरा | १२ सप्टेंबर २०२५

@तिसरीचाल +१. होल्ड्सक्लॉचं नाव माझ्या यादीत रोझच्या वर घेतो.

युरोपातून वासिलिस स्पानुलिस कोणी घेतलं नाही. ३ युरोलीग विजेतेपदं, तिन्ही वेळा अंतिम चौघांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, २०१३चा युरोलीग एमव्हीपी, २००५ला ग्रीसबरोबर युरोपचं अजिंक्यपद. २००६च्या विश्वस्पर्धेच्या उपांत्य फेरीत ग्रीसने अमेरिकेला १०१-९५ हरवलं, त्यात त्याचे २२. ह्यूस्टनमधला त्याचा एकमेव एनबीए हंगाम फसला, पण त्याचं काय? ऑस्कर श्मिट आणि निकोस गालिस एनबीएत एकही सामना न खेळता आत आहेत.

---

पिकअँडरोल | १३ सप्टेंबर २०२५

स्पानुलिस यादीत घेतला. आतापर्यंतचा कल: पार्कर, डेले डॉन, गसोल यांच्यावर एकमत. ऑल्ड्रिज, स्टॉडमायर, इग्वाडाला, होल्ड्सक्लॉ, स्पानुलिस यांच्यामागे बहुमत. ग्रिफिन, मॅरियन, रोझ यांच्यावर फूट.

ड्रेमंड ग्रीन आणि रुडी गोबेअर यांच्याबद्दल खरडवहीत विचारणा झाली म्हणून थोडक्यात: गोबेअरचे ४ सर्वोत्तम बचावपटू पुरस्कार, तेवढे फक्त मुटोंबो आणि बेन वॉलेस यांचे आणि ते दोघेही आत आहेत. ग्रीनच्या ४ विजेतेपदांवर आणि ९ ऑल-डिफेन्सिव्ह निवडींवर वाद घालण्यात अर्थ नाही. दोघे अजून खेळताहेत.

२०२६चं वेळापत्रक नेहमीप्रमाणे: डिसेंबरमध्ये नामांकनं, फेब्रुवारीत ऑल-स्टारच्या वेळी अंतिम यादी, एप्रिलमध्ये कॉलेजच्या फायनल फोरला (अंतिम चार संघांचे सामने) निकाल.

---

रिबाउंडर | १३ सप्टेंबर २०२५

मॅरियनवर फूट का? त्याच्या विरोधात आतापर्यंत एकच मुद्दा आला आहे, वरच्या दोन संघांत निवड नाही. पण फॉरवर्डच्या जागा त्या वर्षांत डंकन, गार्नेट, नोवित्स्की, लेब्रॉन यांच्याकडे होत्या. पहिल्या दोन संघांत मिळून चारच फॉरवर्ड. चौघांपैकी कोणाला काढून मॅरियनला बसवायचं, ते विरोध करणाऱ्याने सांगावं.

---

डावखुरा | १३ सप्टेंबर २०२५

चौघांपैकी कोणालाच नाही. पण २००५-०६ला दुसऱ्या संघात एल्टन ब्रँड होता. त्याचा तो हंगाम आणि मॅरियनचा तो हंगाम समोरासमोर ठेवा. ब्रँडचे गुण जास्त, ब्लॉक जास्त. मॅरियनचे रिबाउंड जास्त, स्टील दुप्पट आणि संघ जास्त पुढे गेला. मी दुसऱ्या संघात मॅरियनला घेतलं असतं. तेव्हा माझं मत बदललं असं धरा, फूट एका मताने कमी.